रुई, फेज आणि ऊन

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या पट्ट्यातल्या जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग दिसू लागतात. वजनकाट्यापुढे टेम्पो-ट्रॅक्टरची रांग लागते, व्यापारी ओंजळभर कापूस उचलून बोटांनी धागा ओढून पाहतो, ओलावा किती धरायचा यावरून घासाघीस होते. त्याआधी आतल्या शेडमध्ये एक काम गाजावाजा न होता उरकलेले असते. इलेक्ट्रिशियन मेगर घेऊन एकेका मोटरपुढे उकिडवा बसतो, टर्मिनल बॉक्स उघडतो, वायरी सुट्या करतो आणि वायंडिंग व बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्ट सोडून रोध मोजतो. पावसाळाभर बंद असलेल्या मोटरीत ओल शिरलेली असते. आकडा एक मेगओहमच्या खाली आला तर वीज जोडायची नाही, हा जुना दंडक. आजच्या मानकांनी लहान लो-टेन्शन मोटरींसाठी तो पाच मेगओहमवर नेला आहे. नापास झालेली मोटर खोलून आत बल्ब पेटवून ठेवतात, नाहीतर ओव्हनमध्ये सुकवतात आणि पुन्हा मोजतात. घाई करून तशीच चालू केली, तर हंगामाच्या पहिल्याच दिवशी जळक्या वार्निशचा वास शेडभर पसरतो.

सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या डबल रोलर जिन यंत्राला स्वतंत्र मोटर असते, साधारण पाच ते साडेसात हॉर्सपॉवरची. चोवीस यंत्रांची रांग असेल तर या झाल्या चोवीस मोटरी. शिवाय कापूस ओढून नेणारे सक्शन फॅन, सफाईची यंत्रे, सरकी वाहून नेणारे स्क्रू, रुईचे कन्व्हेअर आणि शेवटी १७० किलोची गाठ दाबणाऱ्या प्रेसचे हायड्रॉलिक पंप. पूर्वी हे असे नव्हते. वाफेच्या नाहीतर तेलाच्या एका इंजिनावर छताखालचा लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला गती मिळायची. इंजिन थांबले की सगळा कारखाना थांबला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तेव्हा ती अडचण गेली, पण बिघडू शकणाऱ्या जागा एकाच्या पन्नास झाल्या. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले. त्यातून जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, हातांनी वाहून नेण्याची कामे यंत्रांकडे गेली आणि मोटरींची संख्या आणखी वाढली.

या मोटरी जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या: थ्री-फेज स्क्विरल केज इंडक्शन मोटर. निकोला टेस्लाचे पेटंट १८८८ चे. तीन फेजवर चालणारी पिंजऱ्याच्या रोटरची मोटर मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने बर्लिनमध्ये १८८९ मध्ये बनवली. तेव्हापासून स्टील सुधारले, वार्निश सुधारले, मूळ रचना तीच राहिली. ब्रश नाही, रोटरला वायर जोडलेली नाही, घासणारे असे फक्त दोन बेअरिंग. भारतात हे यंत्र घराघरांत आणि बांधाबांधावर नेण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. किर्लोस्कर घराण्याने १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली. बीडच्या शेजारच्या अहिल्यानगरात, म्हणजे कालच्या अहमदनगरात, क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌जने एमआयडीसीत मोटरींचा कारखाना उभारला.

बीडच्या बाजारात मोटर मागणारे गिऱ्हाईक एकच आकडा सांगते: दहाची द्या, साडेसातची द्या. दुकानदारही दुसरे काही विचारत नाही. वास्तविक मोटरच्या अंगावर ठोकलेल्या प्लेटवर डझनभर नोंदी असतात आणि हॉर्सपॉवरचा आकडा त्या बाकीच्या नोंदींच्या अटीवर दिलेला असतो. ४१५ व्होल्ट मिळतील, तिन्ही फेज सारखे असतील, भोवतालची हवा अमुक अंशांपेक्षा तापलेली नसेल, पंख्याची वाट मोकळी असेल, तर आणि तरच ही मोटर दहा हॉर्सपॉवर देईल आणि वर्षानुवर्षे देत राहील. बीड जिल्ह्यात यातली प्रत्येक अट वर्षातून कधी ना कधी मोडते. म्हणून इथे मोटर निवडायची तर आधी जागा पाहावी लागते, यंत्र नंतर.

प्लेट वाचायला कठीण नाही. ७.५ किलोवॉट म्हणजे दहा हॉर्सपॉवर. मोटर शाफ्टवर जे काम देते त्याचा हा आकडा. मीटरमधून ती जास्त घेते: जुन्या साध्या मोटरीला ८.७ किलोवॉटच्या आसपास लागतात, चांगलीला ८.३. वेग १४४० लिहिलेला असतो. चार पोलच्या मोटरीत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि रोटर त्याच्या ६० फेरे मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात आणि त्यातून एक उपयोगी युक्ती निघते. टॅकोमीटर लावून वेग मोजा. १४४० आला तर मोटर पूर्ण भारावर आहे. १४७० आला तर स्लिप निम्मी, म्हणजे भारही जवळपास निम्मा. अँपिअरवर विसंबणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण मोटर रिकामी फिरत असली तरी नुसते चुंबकत्व तयार करायला ती बराच करंट ओढते.

पुढे ड्यूटी. एस-वन म्हणजे दिवसरात्र एकाच भारावर चालणारी. मग आयपी-५५: पहिला पाच धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. जिनिंगच्या शेडमध्ये याखालचे काही चालत नाही. आयपी-२३ ची उघडी मोटर स्वस्त पडते, पण हवेत तरंगणारे तंतू थेट कॉइलपर्यंत पोहोचतात आणि रुईच्या ढिगाशेजारी एक ठिणगी पुरते. त्यानंतर इन्सुलेशनचा वर्ग: बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. वायंडिंगचे आवरण इतके तापमान सोसू शकते, असा त्याचा अर्थ. यातल्या एफ या अक्षरावर बीडच्या कारखानदाराने सगळ्यात जास्त बारकाईने पाहावे.

मोटर थकून मरत नाही, तापून मरते. तांब्याच्या तारेवरचे आवरण हे सेंद्रिय रसायन असते आणि उष्णतेने ते ठिसूळ होत जाते. दर दहा अंश जादा तापमानामागे त्याचे आयुष्य निम्मे होते, असा शंभर वर्षांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. बहुतेक प्लेटांवरचा हिशेब ४० अंशांच्या हवेचा असतो; काही भारतीय मोटरी ४५ किंवा ५० अंशांसाठी बनवलेल्या असतात आणि तसे प्लेटवर लिहिलेले असते. परळी, बीड, माजलगाव इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. हे झाले सावलीतले. पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रांच्या रांगेत, हवा आणखी पाच-सात अंशांनी तापलेली असते. ४० अंशांसाठी बनवलेली मोटर ५० अंशांच्या हवेत चालवायची असेल तर उत्पादकांचे तक्ते तिच्यावर साधारण नव्वद टक्केच भार द्यायला सांगतात. दहाची मोटर मे महिन्यात नऊची होते.

यावर एक चांगला उपाय निवडीच्या वेळीच करता येतो. इन्सुलेशन एफ वर्गाचे, पण तापमानवाढ बी वर्गाइतकीच, अशी मोटर मागावी. तिचे आवरण १५५ अंश सोसते, पण ती पूर्ण भारावरही ८० अंशांपेक्षा जास्त वाढ होऊ देत नाही. मधली पंचवीसेक अंशांची शिल्लक उन्हासाठी, धुळीसाठी आणि महावितरणसाठी राखीव राहते.

रुईचे प्रकरण मात्र निवडीने सुटत नाही. मोटरच्या बॉडीवर उभ्या पट्ट्या असतात, मागचा पंखा त्यांच्यावरून हवा फेकतो आणि उष्णता निघून जाते. जिनिंगमध्ये पंख्याच्या जाळीवर दोन दिवसांत तंतूंचा थर बसतो आणि पट्ट्यांच्या खाचा भरतात. ऐन उन्हाळ्यात मोटर गोधडी पांघरून काम करू लागते. अँपिअर बरोबर असतात, व्होल्टेज बरोबर असते, रिले काही बोलत नाही, कारण ओव्हरलोड रिले करंट पाहतो, तापमान नाही. हवा फुंकून किंवा साध्या ब्रशने जाळी साफ करणे हे शिफ्टमधले दहा मिनिटांचे काम. ते कुणाचे, हे ठरलेले नसेल तर ते कुणीच करत नाही. हवा फुंकताना दाब बेताचा ठेवावा लागतो, नाहीतर तंतू बाहेर पडण्याऐवजी बेअरिंगच्या सीलखाली घुसतात. मोठ्या मोटरींना वायंडिंगमध्येच थर्मिस्टर बसवून मिळतो. तो खरे तापमान पाहून मोटर बंद करतो. नवी मोटर घेताना त्याची किंमत फारशी जाणवत नाही. नंतर बसवायचा तर वायंडिंगच उघडावे लागते.

ओला कापूस आला, रोलरमध्ये दगड किंवा लोखंडाचा तुकडा अडकला, की जिनच्या मोटरीवर भार चढतो आणि रिले ट्रिप होतो. दोनदा झाले, तीनदा झाले. बाहेर गाड्या थांबलेल्या, मुकादम ओरडतो आहे. ऑपरेटर स्क्रू-ड्रायव्हरने रिलेची तबकडी वरच्या आकड्यावर फिरवतो आणि ट्रिप होणे थांबते. पंधरा दिवसांनी मोटर जळते तेव्हा दोष कंपनीला दिला जातो. जिनिंगच्या पॅनेलमधले रिले प्लेटवरच्या अँपिअरशी ताडून पाहिले, तर अनेक दुखण्यांचे मूळ तिथेच सापडेल.

आता उलटा दोष: गरजेपेक्षा मोठी मोटर. कन्सल्टंट थोडी सूट ठेवतो, यंत्र बनवणारा आणखी थोडी, खरेदी करणारा पुढचे माप घेतो आणि सात हॉर्सपॉवरच्या कामाला पंधराची मोटर बसते. ती जळत नाही, म्हणून सगळे खूश असतात. पण निम्म्या भारावर तिचा पॉवर फॅक्टर ०.८४ वरून ०.७ च्या आसपास घसरतो. त्याही खाली गेले की कार्यक्षमताही पडते. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात केव्हीएएचवर बिल येते. म्हणजे पॉवर फॅक्टर खाली गेला की तेवढ्याच कामाचे जास्त युनिट मोजले जातात. कपॅसिटर लावून हे सावरता येते, पण मूळ चूक मापाची असते. चालू कारखान्यात फारसा खर्च न करता करता येणारी गोष्ट म्हणजे अदलाबदल: टॅकोमीटरने वेग मोजून रिकाम्या फिरणाऱ्या मोटरी आणि धापा टाकणाऱ्या मोटरी यांची यादी करायची आणि जागा बदलायच्या.

भार कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे लागते. पंखा आणि पंप यांना सुरुवातीला फारसा जोर लागत नाही, वेग वाढेल तसा तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरकीने भरलेला स्क्रू मात्र जागेवरून हलायलाच पूर्ण जोर मागतो. दहाची मोटर सरळ लाइनवर चालू केली तर १४ अँपिअरच्या जागी क्षणभर ८०-८५ अँपिअर ओढते. ते टाळायला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. त्याने लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, पण सुरुवातीचा जोरही एक तृतीयांशच उरतो. पंख्याला हे चालते. भरल्या स्क्रूला चालत नाही; तो घुरघुरत जागेवरच राहतो आणि डेल्टा लागताना झटका बसतो. अशा ठिकाणी सॉफ्ट स्टार्टर किंवा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावावा, नाहीतर बंद करण्यापूर्वी स्क्रू रिकामा करण्याची शिस्त तरी पाळावी.

साखर कारखान्यात हा जातीभेद ठळक दिसतो. बीडकरांना या धंद्याची दोन्ही टोके ठाऊक आहेत: जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दर हिवाळ्यात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि अंबासाखरचा अंबाजोगाई, पांगरीचा वैद्यनाथ, तेलगावचा सुंदरराव सोळंके, गढीचा जयभवानी असे कारखाने जिल्ह्यातच उभे राहिले. गव्हाणीतून आलेला ऊस कापणारे आणि फोडणारे कटर-फायब्रायझर शेकडो हॉर्सपॉवरच्या मोटरींवर चालतात, आणि ऊस कधी दाट येतो, कधी विरळ, तसा त्यांचा भार क्षणाक्षणाला बदलतो. रस पिळणारे मिल पूर्वी वाफेच्या टर्बाइनवर फिरायचे. आता अनेक ठिकाणी व्हीएफडीवरच्या मोटरी आल्या आहेत. सगळ्यात कठीण नोकरी बॅच सेंट्रिफ्यूगलची. भरा, वेगाने फिरवा, साखर वेगळी झाली की ब्रेक लावा, खरवडून काढा, पुन्हा भरा. दर काही मिनिटांनी शून्यातून हजाराच्या वर वेग. एस-वन ड्यूटीची साधी मोटर इथे लावली तर हॉर्सपॉवर पुरेसा असूनही ती टिकत नाही, कारण प्रत्येक सुरुवातीची उष्णता निघून जाण्याआधीच पुढची सुरुवात येते.

आकाराने मोठ्या मोटरी पाहायच्या तर परळीच्या औष्णिक वीज केंद्रात जायला हवे. तिथले पहिले दोन ३० मेगावॉटचे संच १९७१-७२ चे, पुढे २१० मेगावॉटचे तीन संच १९८० च्या दशकात उभे राहिले आणि २५० मेगावॉटचे तीन २००७ ते २०१६ दरम्यान. वीज बनवणारे केंद्र स्वतःच एक मोठे गिऱ्हाईक असते. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बॉयलरमधून धूर ओढणारे आणि हवा ढकलणारे पंखे, थंड पाणी फिरवणारे पंप यांवर तयार विजेचा आठ-दहा टक्क्यांच्या घरातला हिस्सा खर्च होतो. २१० मेगावॉटच्या संचात बॉयलरला पाणी भरणाऱ्या एका पंपाची मोटर चार हजार किलोवॉटच्या आसपास असते आणि ती ४१५ नव्हे, ६,६०० व्होल्टवर चालते. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद पडले. अशा दीर्घ बंदीत कुठल्याही केंद्रातल्या मोठ्या मोटरींना चालू असतानापेक्षा जास्त जपावे लागते. आतले स्पेस हीटर चालू ठेवून ओल दूर ठेवायची आणि शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवायचा, नाहीतर रोटरचे सगळे वजन बेअरिंगच्या त्याच गोळ्यांवर पडून तिथे खड्डे उमटतात. चार हजार किलोवॉटला लागू असलेला हा नियम पावसाळ्यात बंद असलेल्या पाच हॉर्सपॉवरच्या जिनलाही तसाच लागू आहे. तिथे तो क्वचितच पाळला जातो.

विजेकडे वळू. शेतीच्या फीडरवर आठ तास तीन फेज मिळतात, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, कारण जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. रात्री दोनला उठून विहिरीवर जाणे नको, साप-विंचवाची भीती नको, म्हणून शेतकरी ऑटो लावतो; त्याचे चुकते असे कोण म्हणेल? पण वीस मोटरी एकाच क्षणी सहापट करंट मागतात तेव्हा डीपीचा जीव जातो. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण दरवर्षी सांगते. यातला कपॅसिटरचा सल्ला तरी ताबडतोब पाळण्यासारखा आहे. तो चुंबकत्वासाठीचा करंट जागेवरच पुरवतो, लाइनवरचा ताण हलका होतो आणि शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज थोडे वर येते.

कमी व्होल्टेजचे गणित निष्ठुर आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळाले म्हणजे ८२ टक्के. जोर उरतो ६७ टक्के. पंप मात्र तेवढेच काम मागतो, म्हणून मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. त्याहून वाईट म्हणजे फेजमधली तफावत. समजा तीन मोजण्या आल्या ४१०, ४२५ आणि ३९५. सरासरी ४१०, सगळ्यात मोठा फरक १५, म्हणजे ३.६६ टक्के. पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटते. पण तफावतीच्या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट करा: तापमानवाढ सुमारे २७ टक्क्यांनी चढते. ८० अंशांची वाढ शंभरावर जाते आणि आयुष्याच्या हिशेबात तो चौथा हिस्सा उरतो. तफावत पाच टक्क्यांवर गेली तर मोटर चालवूच नये, असे मानके सांगतात.

आणि एक फेज पूर्ण गेला तर? चालू असलेली मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर घरघरत फिरत राहते, त्यांतला करंट पावणेदोन पटीवर जातो आणि काही मिनिटांत वायंडिंग काळे पडते. खोलून पाहिले की जाणकार वायंडर नजर टाकूनच सांगतो, ‘फेज गेला होता.’ कारण जळलेल्या आणि कोऱ्या कॉइलींचा पट्टा एकाआड एक दिसतो. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर मिळतो, मोटर भरण्याच्या खर्चाच्या मानाने स्वस्तात. शिवारात तो मुद्दाम बायपास केलेलाही सापडतो, कारण दोन फेजांवर कंडेन्सर लावून मोटर चालवायची असते.

बोअरच्या सबमर्सिबलला आणखी एक शत्रू आहे. तिचा पंखा म्हणजे भोवतालचे पाणी. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ अशा लागोपाठच्या दुष्काळांत बीडमधले बोअर आटत गेले, पाइप वाढवत मोटरी खाली खाली सोडल्या गेल्या. पाणी संपल्यावर कोरडी फिरणारी मोटर स्वतःच्या उष्णतेत शिजते. पाणी संपले की पंपाचा भार उतरतो आणि करंट कमी होतो. ड्राय-रन प्रिव्हेंटर हीच खूण ओळखून मोटर बंद करतो. ओव्हरलोड रिलेला हे कळत नाही. त्याला फक्त जास्त कळते, कमी कळत नाही.

जळलेली मोटर वायंडरकडे जाते. तालुक्याच्या प्रत्येक गावात स्टँडजवळ अशी दोन-चार दुकाने असतात: दारात खोललेले स्टेटर, भिंतीवर तारेची रिळे, कोपऱ्यात वार्निशचा डबा. ‘मोटर भरून देतो’ म्हणजे सगळे वायंडिंग नव्याने. हे हातकौशल्याचे काम आहे आणि चांगल्या वायंडरकडे ते डोळे मिटून द्यावे. फसगत होते ती जुने वायंडिंग काढताना. कठीण झालेले वार्निश सुटावे म्हणून काही ठिकाणी स्टेटर उघड्या जाळात भाजतात. त्याने तांबे निघते, पण स्टीलच्या पातळ पत्र्यांमधले आवरणही जळते. मग मोटर चालते, करंटही ठीक दिसतो, मात्र गाभा कायमचा जास्त तापू लागतो. दुसरी कसर तारेची: मूळ गेज मिळाला नाही म्हणून एक नंबर बारीक, नाहीतर खाचेत बसेना म्हणून दोन वेढे कमी. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दुरुस्ती संघटनांनी मिळून केलेल्या २००३ च्या अभ्यासात उलट दिसले की नियंत्रित तापमानात जुने वायंडिंग काढून मूळ मापाने भरले तर कार्यक्षमता टिकते. म्हणून मोटर परत घेताना किती रुपये झाले याआधी दोन प्रश्न विचारावेत: वेढे आणि गेज मूळचेच आहेत ना, आणि भट्टी किती तापवली?

वायंडिंगचा एवढा बोलबाला असला तरी बिघाडाची पहिली जागा बेअरिंगची. अमेरिकेतल्या विद्युत संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात मोठ्या मोटरींचे बिघाड मोजले, तेव्हा ४१ टक्के बेअरिंगमुळे, ३७ टक्के स्टेटरमुळे आणि १० टक्के रोटरमुळे निघाले. बेअरिंग वयाने कमी आणि माणसाच्या हाताने जास्त जाते. पट्टा घसरू नये म्हणून तो तारेसारखा ताणला जातो आणि पुढच्या बेअरिंगवर नको तेवढा भार येतो. कपलिंगची रेघ नुसत्या डोळ्यांनी जुळवली जाते. ग्रीस तर मायेने भरले जाते: गन घेऊन बाहेर येईपर्यंत. जादा ग्रीस गोळ्यांनी घुसळले जाऊन तापते, सील फोडते आणि वायंडिंगवर पसरते. शिवाय लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचे भरले तर दोन्ही मिसळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. कोणत्या मोटरीत कोणते ग्रीस, किती ग्रॅम, किती तासांनी, एवढी नोंद पॅनेलच्या दारावर चिकटवली तरी पुष्कळ झाले.

उरला पैशाचा प्रश्न. भारतीय मानक १२६१५ नुसार मोटरींचे आयई-टू, आयई-थ्री, आयई-फोर असे कार्यक्षमतेचे वर्ग आहेत आणि २०१७ च्या सरकारी आदेशानंतर आयई-टूच्या खालच्या मोटरींना बाजारात जागा उरली नाही. जिनिंगमध्ये जुन्या, आयई-वनच्या दर्जाच्या मोटरी अजून फिरताहेत. १५ किलोवॉटच्या चार पोल मोटरीत आयई-वनची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई-थ्रीची ९२.१. पूर्ण भारावर तासाला ०.६२ युनिटचा फरक. साखर कारखान्याच्या पाणीपुरवठ्यावर वर्षाला सहा हजार तास चालणारी मोटर असेल तर ३,७०० युनिट वाचतात. आठ रुपये दराने जवळजवळ तीस हजार रुपये. ती जुनी मोटर जळण्याची वाट पाहू नये, आजच बदलावी. जिनिंगमध्ये तीच मोटर हंगामात अडीच हजार तास चालली तर बचत बारा हजारांच्या आसपास. इथे चालती मोटर भंगारात काढणे परवडत नाही. पण जळाली, आणि आधी दोनदा भरलेली असेल, तर तिसऱ्यांदा भरण्यापेक्षा आयई-थ्री घेणे फायद्याचे. सरसकट बदला म्हणणारे विक्रेते आणि सरसकट भरा म्हणणारे मालक, दोघेही तासांचा हिशेब करत नाहीत.

२०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. सौर पंपाचा कंट्रोलर मोटरला हळूहळू वेग देतो, पाणी संपले की थांबवतो आणि त्याला महावितरणच्या फेजांशी काही देणेघेणे नाही. वर सांगितलेली बरीच दुखणी त्यात जागीच मिटतात. पंपाचा हॉर्सपॉवर मात्र जमिनीवरून ठरतो: अडीच एकरांपर्यंत तीन, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. वाटपाला असा सोपा नियम लागतो हे खरे, पण पाणी वर चढवायला लागणारा जोर एकरांवर नाही, खोलीवर ठरतो. पाचची मोटर, म्हणजे ३.७ किलोवॉट, पंपाची ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर पाण्यापर्यंत १.७ किलोवॉट पोहोचतात. गोदाकाठच्या विहिरीवरून, पाइपचे घर्षण धरून एकूण ६० मीटर चढवायचे तर तासाला दहा हजार लिटर येतात. बालाघाटाच्या डोंगरात, १२० मीटरवर पाणी लागलेल्या बोअरला तीच पाचची मोटर तासाला पाच हजार लिटर देते, तेही त्या खोलीसाठीचा जास्त टप्प्यांचा पंप जोडला असेल तर. अर्ज भरताना सातबाऱ्यासोबत उन्हाळ्यातली पाण्याची पातळी मोजून नेली, तर पंपाचा हेड योग्य मागता येतो. ती मोजायला दोरी आणि दगड पुरतो, आणि ती मेमध्ये मोजावी लागते, ऑगस्टमध्ये नाही.